भयकादंबरीचे पुनर्वाचन : पिशाच आणि चेटकीण

(धारवाड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय ‘पुनर्वाचन’ असा आहे. अशा सत्रात अभिजात कलाकृतींवर बोलायचे, हा आपला शिरस्ता. त्यातून हे जी. ए. कुलकर्णींचे गाव. त्यांनी इथल्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले आणि इथेच राहून मराठी कथा लिहिली. तेव्हा मी ‘काजळमाया’वर बोलेन असे काहींना वाटले असेल. मी मात्र वाचनालयाच्या मागच्या कपाटातल्या पुस्तकांवर बोलणार आहे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी आणि त्यांच्या पलीकडे ब्रॅम स्टोकर, स्टीफन किंग. म्हणजे रक्तपिशाचांच्या आणि चेटकिणींच्या गोष्टी. या पुस्तकांची मी शाळेत असल्यापासून चाहती आहे. साहित्याची अभ्यासक फार नंतर झाले.

मला या वाचनाबद्दल दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. विद्यार्थी विचारतात, ‘मॅडम, तुमचा भुतांवर विश्वास आहे का?’ सहकारी विचारतात, ‘याला साहित्य म्हणायचे का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘हो’, इतके सांगून मी ते दोन्ही बाजूला ठेवते. कारण पुनर्वाचनाने माझ्यापुढे तिसराच प्रश्न उभा केला आहे. रक्तपिशाचाची कादंबरी मी आजही निर्धास्तपणे वाचू शकते. चेटकिणीची कादंबरी वाचताना मात्र मला मध्येच थांबावे लागते. पुस्तके एकाच कपाटातली, वाचकही तीच. मग हा फरक कुठून आला? आजचे बोलणे या प्रश्नाभोवतीच आहे.

आधी धारपांविषयी. नारायण धारप (१९२५–२००८) हे विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, आणि हे त्यांच्या भयकथेत जाणवते. त्यांचा निवेदक बहुधा शिकलासवरलेला, नोकरदार, हिशेबी माणूस असतो. तो आधी शंका घेतो, खिडकी उघडी राहिली असेल असे म्हणतो, दुसऱ्या दिवशी उजेडात जाऊन पाहून येतो. सगळी साधी स्पष्टीकरणे संपली की मगच तो घाबरतो. आणि म्हणून आपणही घाबरतो. त्यांच्या समर्थकथांत वाईट शक्तीला तोंड देतात ते समर्थ. आणि त्यांचे बळ साधनेतून आलेले, मनाच्या शिस्तीचे असते.

धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. काही जण हे तक्रारीच्या सुरात सांगतात. मला रूपांतराचा प्रश्न अधिक रंजक वाटतो. किंगच्या कादंबरीतले पिशाच अमेरिकेतल्या एका लहान ख्रिस्ती गावात येते. तिथल्या धर्मगुरूच्या हातातला क्रूस त्याच्या श्रद्धेच्या बळावर उजळतो आणि श्रद्धा डळमळताच विझतो. ही कथा मराठीत आणायची, तर क्रूसाच्या जागी काय ठेवायचे? पवित्र पाण्याच्या जागी काय? दफनभूमीच्या जागी काय? केवळ वस्तू बदलून हे भागत नाही. भयकथेचे रूपांतर करणाऱ्याला आपल्या समाजाचा सगळा भयाचा संसार तपासावा लागतो. आपल्याकडे माणसे कशाला भितात, कोणाच्या आधाराने निर्भय होतात, मेलेल्या माणसाचे काय होते असे मानतात, हे सगळे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की मूळ कादंबरी आणि रूपांतर शेजारी ठेवून वाचा. दोन समाजांचा तौलनिक अभ्यास आपोआप होईल.

असा अभ्यास करताना एक सुबक सिद्धांत हाती येतो. तो असा : युरोपात प्रेत पुरतात, म्हणून तिथे प्रेत उठून येण्याची कल्पना रुजली. आपण प्रेत जाळतो, देहच उरत नाही. म्हणून आपल्याकडे रक्तपिशाच नाही, नुसता अतृप्त आत्मा आहे. पुण्यामुंबईच्या व्याख्यानात हा सिद्धांत खपून जाईल. धारवाडात तो टिकत नाही. इथला लिंगायत समाज आपले मृत पुरतो. मुसलमान आणि ख्रिस्ती पुरतात. महाराष्ट्रातही अनेक जातींत दफनाची चाल आहे. तरीही यांच्यापैकी कोणाच्या गोष्टींत थडग्यातून उठून रक्त पिणारा सरदार दिसत नाही. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

मराठी भुतांची नावे आठवून पाहा. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अळवंत. धनाच्या वा वारशाच्या वासनेत अडकला तो समंध. पाण्यात जीव गेला तिच्यामुळे आसरा. खविसाला तर धर्मही चिकटवलेला आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात यांतल्या कित्येकांच्या नोंदी सापडतील. नावे वाचताना लक्षात येते की आपले भूत हे राहून गेलेल्या संस्काराचे किंवा न फिटलेल्या देण्याचे भूत असते. त्याला जात असते, लिंग असते, लग्नाचा दर्जा असतो. ते अनोळखी देशातून येत नाही. ते आपल्याच घरातले, आपल्याच नात्यातले असते आणि काहीतरी मागत असते. ड्रॅक्युला परका आहे. मुंजा आपला आहे. या फरकाकडे मी पुन्हा येणार आहे.

एक अपवाद मात्र नोंदवला पाहिजे, तो वेताळाचा. वेताळ प्रेतात शिरतो, स्मशानात राहतो, झाडाला लटकतो. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत मांडल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ करून टाकले. ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर २७ वर्षांनी आली. पण वेताळ रक्त मागत नाही, उत्तर मागतो. राजाने तोंड उघडले की तो निघून जातो, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिले तर डोक्याची शकले होतील असे बजावतो. अकराव्या शतकात सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आलेल्या या कथांपैकी मस्तकांच्या अदलाबदलीची कथा टोमास मानने उचलली आणि पुढे याच धारवाडात शिकलेल्या गिरीश कार्नाडांनी तिच्यावरून ‘हयवदन’ लिहिले. विजया मेहतांनी ते मराठी रंगभूमीवर आणले. भयकथा हे साहित्य आहे का, असे विचारणाऱ्यांना मी इतकेच म्हणते की आधी वेताळाला विचारा.

आता रक्तपिशाचाचा एक नियम पाहू. बोलावल्याशिवाय ते घरात येऊ शकत नाही. लहानपणी हा नियम मला सोयीचा वाटायचा. दार लावले की संपले. पुन्हा वाचताना कळते की सगळी भीती याच नियमात आहे. कारण दार उघडणारे आपण असतो. पिशाच ओळखीच्या आवाजात हाक मारते, सभ्यपणे बोलते, आणि आपण आपल्या हाताने कडी काढतो. १९९० च्या दशकात बंगळूरकडे घरांच्या दारांवर ‘नाळे बा’ म्हणजे ‘उद्या ये’ असे लिहिलेले असे. रात्री कोणी स्त्री ओळखीच्या आवाजात हाक मारते, दारावरची अक्षरे वाचून परत जाते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा येते, तर तिथे तेच लिहिलेले, अशी ती वदंता होती. ट्रान्सिल्व्हानियाचा उमराव आणि कन्नड गल्लीतली ती स्त्री यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण उंबरठ्याची भीती दोन्हीकडे सारखी आहे. भयकथेला हे फार आधी कळलेले असते की संकट भिंत फोडून क्वचितच येते. ते दार वाजवते.

‘ड्रॅक्युला’ मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी तिचे वय वेगळे दिसले आहे. आजच्या वाचकाला ती जुनाट वाड्याची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती तिच्या काळातली अगदी अद्ययावत कादंबरी होती. तिच्यात टाइपरायटर आहे, फोनोग्राफवर नोंदलेली रोजनिशी आहे, तारा आहेत, आगगाडीची वेळापत्रके आहेत. ल्यूसीला एकामागून एक चार पुरुषांचे रक्त दिले जाते, आणि रक्तगटांचा शोध लागायला तेव्हा अजून काही वर्षे होती. आजचा विद्यार्थी तिथे हमखास दचकतो, ‘मॅडम, ती तर त्यानेच मरेल!’

आणि तिचे प्रकाशनवर्ष पाहा : १८९७. त्याच वर्षी मुंबई-पुण्यात प्लेग होता. जानेवारीत हाफकिनने मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. पुढच्या वर्षी आपल्या हुबळीत प्लेगने कहर केला आणि तिथे हाफकिनची लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. त्याच वर्षी कराचीत सिमाँने दाखवून दिले की प्लेग पसरवते ती उंदरावरची पिसू. म्हणजे लंडनचा वाचक जहाजातून येणाऱ्या, उंदरांवर हुकमत चालवणाऱ्या, रात्री रक्त पिणाऱ्या पाहुण्याची गोष्ट वाचत होता, त्याच सुमारास आपल्या गावांत जहाजांनी आणि उंदरांनी आणलेला, रक्त पिणाऱ्या किड्याने पसरवलेला मृत्यू घरोघर फिरत होता. स्टोकरच्या मनात हुबळी नव्हती, हे उघड आहे. पण हुबळीच्या वाचकाच्या मनात हुबळी असते, आणि पुनर्वाचनाचा अर्थ तोच. कोविडच्या वर्षानंतर तर मला ती साथीच्या रोगाची कादंबरी म्हणूनच दिसते. आधी एक घर, मग शेजारचे घर, मग कोणी कोणाला दार उघडायचे हा प्रश्न.

याच कादंबरीत एक जागा आहे, जिथे माझा निर्धास्तपणा संपतो. ड्रॅक्युलाचा शेवट अगदी थोड्या ओळींत उरकला जातो. ल्यूसीचा शेवट मात्र सविस्तर येतो. तिचा होणारा नवरा हातात हातोडा घेतो, तिच्या छातीत खुंट ठोकतो, बाकीचे पुरुष भोवती उभे राहून प्रार्थना म्हणतात. तरुण वयात मी हे भराभर वाचून पुढे गेले, कारण ती आता ल्यूसी राहिलेली नाही असे लेखकाने सांगितले होते. ‘ती आता ती राहिलेली नाही’ हे वाक्य तेव्हा पुरेसे होते. आता मी विचारते, हे ठरवले कोणी? आणि इथून आपण चेटकिणीकडे वळतो.

युरोपच्या इतिहासात या दोघांच्या वाटा एका टप्प्यावर वेगळ्या झाल्या. अठराव्या शतकात हाब्सबर्ग साम्राज्यात थडगी उकरून प्रेतांत खुंट ठोकण्याचे प्रकार वाढले, तेव्हा सम्राज्ञी मारिया तेरेसाने आपला वैद्य व्हान स्वीटेन याच्याकडून चौकशी करवली आणि १७५५ मध्ये अशा गोष्टींवर बंदी घातली. तिथून रक्तपिशाच हळूहळू साहित्यात राहायला आले : पॉलिडोरीची कथा १८१९ मध्ये, ल फान्यूची ‘कार्मिला’ १८७२ मध्ये, मग स्टोकर. पिशाचाच्या नावाने ज्यांची विटंबना झाली ते बहुतेक आधीच मेलेले होते. चेटकिणीचे तसे नाही. चेटकीण म्हणून मारली गेलेली बाई जिवंत होती. सेलम गावात १६९२ मध्ये १९ जणांना फाशी दिले गेले; त्यांत १४ स्त्रिया होत्या. स्वित्झर्लंडमध्ये १७८२ मध्ये अ‍ॅना ग्योल्डी या मोलकरणीचा शिरच्छेद झाला आणि ती निर्दोष होती हे ग्लारूसच्या विधिमंडळाने मान्य केले ते २००८ मध्ये.

आपल्याकडे तर चेटकीण अजून साहित्यात राहायला आलेलीच नाही. तिचा एक पाय गावातच आहे. मराठी मुलांना ती पहिल्यांदा भेटते ती मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये, दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेल्या भूमिकेत, आणि मुले खुशीत किंचाळतात. त्या आनंदाला माझा आक्षेप नाही. पण त्याच महाराष्ट्रात सातपुड्याच्या गावांत बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या घटना कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे नोंदवल्या आहेत. आपल्या देशाच्या गुन्ह्यांच्या अधिकृत नोंदीत खुनाच्या कारणांमध्ये ‘चेटूक’ असा वेगळा रकाना आहे. रक्तपिशाचासाठी रकाना नाही. माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रकान्यात सापडले.

भानामतीचे उदाहरण घ्या. मराठवाडा आणि आपल्याकडचा कलबुर्गी-बीदर हा पट्टा भानामतीच्या गोष्टींनी भरलेला आहे. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेट घेतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. मग देवऋषी येतो आणि करणी करणारी कोण ते सांगतो. बहुधा ती एकटी राहणारी, म्हातारी, जमिनीचा तुकडा बाळगून असलेली बाई असते. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रकरणांचा शोध घेतला, तेव्हा दगड मारणारा हात बहुधा घरातलाच निघाला : कोणी छळलेली सून, कोणी दबलेली मुलगी, ज्यांना आपले दुःख सांगायला दुसरी भाषा मिळाली नव्हती. गॉथिक कादंबरीचा सांगाडा याहून वेगळा काय असतो? बंद घर, वरच्या मजल्यावरचा आवाज आणि कोंडलेली बाई. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्येही माळ्यावरचा आवाज भुताचा नव्हता, घराच्या मालकाच्या बायकोचा होता.

दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे अवघड करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी याच धारवाडात त्यांच्या घरी हत्या झाली. सकाळी दार वाजले होते. कर्नाटकाचा अशाच स्वरूपाचा २०१७ चा कायदा जानेवारी २०२० पासून अमलात आला. या गावात राहून भयकादंबरीवर बोलताना हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

इथे एक शंका रास्त आहे : मग भयकथा वाचूच नयेत का? त्या अंधश्रद्धेला खतपाणी घालतात का? माझा अनुभव उलट आहे. धारपांचा निवेदक आधी खिडकी तपासतो. ज्याला कादंबरीच्या पहिल्या पानापासून शंका घेण्याची सवय लागली, तो देवऋषीच्या पहिल्या वाक्यालाही शंका घेईल. भीती कशी रचली जाते, कुठे माहिती दडवली जाते, कुठे आवाज आधी आणि कारण नंतर दिले जाते, हे ज्याने पुन्हा पुन्हा वाचून पाहिले, त्याला भीती विकणाऱ्याची कारागिरी ओळखता येते. पहिल्या वाचनात आपण घाबरतो. दुसऱ्या वाचनात घाबरवणारा दिसतो. भयकादंबरीच्या बाजूने माझ्यापाशी याहून मोठा युक्तिवाद नाही.

पण हे दुसरे वाचन आपोआप होत नाही. ते शिकवावे लागते. चेटकिणीची गोष्ट शिकवताना मी वर्गात तीन प्रश्न फळ्यावर लिहिते. ती चेटकीण आहे हे कोण सांगते? ती गेल्यावर कोणाचा फायदा होतो? आणि तिला स्वतःचे नाव आणि स्वतःचे बोलणे आहे का? या प्रश्नांपुढे काही कादंबऱ्या टिकतात, काही गळून पडतात. गळून पडणाऱ्या माझ्या आवडत्याही आहेत. त्यांची गती, त्यांचे वातावरण मला अजून आवडते. त्यांनी त्या बाईला बोलू दिले नाही हेही आता दिसते. चाहत्याने दोन्ही गोष्टी एका वेळी मान्य करायला काय हरकत आहे?

शेवटी दोन शिफारशी. मारीझ काँदे या कॅरिबियन लेखिकेने १९८६ मध्ये सेलमच्या खटल्यातल्या तितुबा या गुलाम स्त्रीवर कादंबरी लिहिली आणि गोष्ट तिच्याच तोंडून सांगितली. आणि आपल्या महाश्वेता देवींची ‘बायेन’ ही कथा. मेलेली मुले पुरण्याचे काम वंशपरंपरेने करणारी चंडीदासी. तिला चेटकीण ठरवणारा पहिला आवाज तिच्या नवऱ्याचाच. गावाबाहेर टाकलेली ही बाई आगगाडीचा अपघात टाळताना जीव देते. सरकारी माणसे ती कोण म्हणून चौकशी करतात, तेव्हा तिचा मुलगा पुढे होऊन तिचे पूर्ण नाव सांगतो आणि ती माझी आई आहे असे म्हणतो. इतके साधे आहे ते. चेटकिणीवरचा उतारा म्हणजे तिचे नाव.

माझी शिक्षकांना विनंती अशी की पुढच्या अभ्यासक्रमात धारपांना जागा द्या, पण त्यांच्या शेजारी ‘बायेन’ ठेवा. आणि विद्यार्थ्यांना सांगणे असे की भीतीची पुस्तके जरूर वाचा, रात्री वाचा, दिवा बारीक करून वाचा. मग काही वर्षांनी तीच पुस्तके दिवसा उजेडी पुन्हा काढा आणि त्या गोष्टीत कोणाचे नाव सांगायचे राहून गेले ते शोधा.